कार्लाइलच्या पोरांनी मागून घेतलेला खेळ : एका संघाचे सुरुवातीचे हंगाम

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा असा सामना असला की त्या दिवशी जेवण लवकर उरकायचं, आणि आपली तालीम हरली की रात्री घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही, अशा घरात वाढलो. गेली नऊ वर्षं पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळ राहतो. इथं फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यानं अंगावर झेप घेऊन पाडायचं. हा खेळ मला बरीच वर्षं कळलाच नाही. कळला तो कार्लाइलमुळे.

कार्लाइल हे गाव आमच्यापासून गाडीनं अर्ध्या तासावर. तिथल्या जुन्या लष्करी छावणीत आज अमेरिकन लष्कराचं वॉर कॉलेज आहे. १८७९ साली याच छावणीत रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं अमेरिकेतल्या मूळनिवासी (ज्यांना तेव्हा 'इंडियन' म्हणत) मुलांसाठी सरकारी निवासी शाळा काढली. उद्देश त्यानं लपवला नव्हता. मुलातला 'इंडियन' मारायचा आणि माणूस वाचवायचा, हे त्याचं १८९२ सालच्या भाषणातलं वाक्य. मुलं डाकोटाच्या रोझबड आणि पाइन रिज इथून आली, मग देशभरातून. आल्या आल्या केस कापले, कपडे बदलले, आपली भाषा बोलायला बंदी झाली. ल्यूथर स्टँडिंग बेअर हा पहिल्या तुकडीतला मुलगा. त्यानं पुढं लिहून ठेवलंय की फळ्यावर काही अक्षरं लिहिली होती, त्याला छडी देऊन एकावर ठेवायला सांगितलं, आणि ज्यावर छडी टेकली ते त्याचं नाव झालं. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस कारखाना : सुतारकाम, जोडे, घोड्यांचे साज, पत्र्याची भांडी, छपाई.

आता फुटबॉल. कारखान्या-कारखान्यांचे संघ आधीपासून आपसात खेळत. १८९० मध्ये गावातल्याच डिकिन्सन कॉलेजशी सामना झाला, त्यात स्टेसी मॅटलॉक या पॉनी जमातीच्या मुलाचा पाय मोडला. प्रॅटनं बाहेरच्यांशी खेळणं बंद करून टाकलं.

तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, चाळीसेक मुलं त्याच्या कचेरीत गेली. त्यांच्यातल्या उत्तम बोलणाऱ्यानं सगळ्यांच्या वतीनं बाजू मांडली. प्रॅट हे बोलणं ऐकून हलला, असं तो स्वतः आठवणींत सांगतो. त्यानं दोन अटी घातल्या. पहिली, समोरच्यानं ठोसा मारला तरी तुम्ही मारायचा नाही. मारलात तर लोक म्हणतील, बघा, रानटी ते रानटीच. दुसरी, दोन, तीन, फार तर चार वर्षांत देशातल्या सगळ्यात मोठ्या संघाला हरवण्याइतकं तयार व्हायचं. मुलांनी दोन्ही कबूल केल्या.

मी या प्रसंगाशी दर वेळी थांबतो. त्या शाळेत जवळजवळ सगळं लादलेलं होतं. नाव लादलेलं, केस लादलेले, प्रार्थना, गणवेश, काम, सगळं. फुटबॉल ही गोष्ट त्या पोरांनी स्वतः जाऊन मागितली, आणि मागून मिळवली. या संघाचा पुढं गाजलेला खेळाडू जिम थॉर्प, त्याच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला त्याच्या आधीचे हंगाम सांगायचेत.

पहिला प्रशिक्षक व्हॅन्स मॅकॉर्मिक, हॅरिसबर्गचाच, येलचा माजी कप्तान. शाळेचं मैदान लहान, मोठे संघ तिथं यायला तयार नसत. म्हणून कार्लाइलचा संघ जवळजवळ सगळे मोठे सामने बाहेर खेळला. आगगाडी, परकं गाव, परके प्रेक्षक, परके पंच. पहिले दोन-तीन हंगाम मार खाण्यात गेले. येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ (इथं सगळे 'पेन' म्हणतात) हे तेव्हाचे चार थोरले. त्यांच्याकडची पोरं अंगानं दांडगी, लहानपणापासून चांगल्या शाळांत हा खेळ खेळलेली.

आणि मग १८९६ चा हंगाम. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कार्लाइल या चारही थोरल्यांशी ओळीनं खेळलं. आजचा कुठलाही संघ असं वेळापत्रक घेणार नाही. प्रिन्स्टनकडून ६–२२ हार. येलकडून ६–१२. हार्वर्डकडून ०–४. पेनकडून ०–२१. चारही हरले. पण हार्वर्डच्या मैदानात त्यांना एकाच टचडाउनवर (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडं नेणं म्हणजे टचडाउन) रोखून धरणं म्हणजे काय, हे त्या वेळच्या वाचणाऱ्याला बरोबर कळत होतं.

येलचा सामना न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटन फील्डवर झाला. उत्तरार्धात कार्लाइलचा जेक जेमिसन येलच्या गर्दीतून सुटला आणि थेट पलीकडच्या रेषेवर जाऊन पोचला. पंचानं तो टचडाउन दिला नाही. चेंडू आधीच थांबला होता म्हणे. पंच कोण? विल्यम हिकॉक. येलचा माजी खेळाडू, आणि त्या वर्षी कार्लाइलचाच प्रशिक्षक! तेव्हा अशी पंचगिरी चालायची. प्रेक्षक न्यूयॉर्कचे, तरी त्यांनी हुर्यो उडवली. कार्लाइलची पोरं मैदान सोडून निघाली होती. प्रॅटनं खाली उतरून त्यांना परत पाठवलं. ते गेले आणि शेवटपर्यंत खेळले. कुणी ठोसा मारला नाही.

हे वाचताना माझ्या पोटात अजून कालवतं. तीन वर्षांपूर्वी दिलेला शब्द त्या पोरांनी अशा क्षणी पाळला, आणि शब्द घेणारा माणूस तोच, ज्यानं त्यांची नावं पुसली. दोन्ही खरं आहे.

त्याच डिसेंबरात शिकागोच्या कोलिसियममध्ये, छताखाली, विजेच्या दिव्यांत, रात्री, पश्चिमेकडचा विजेता विस्कॉन्सिन त्यांनी १८–८ असा हरवला. विजेच्या दिव्यांत फुटबॉल ही तेव्हा बघायला जाण्यासारखी गोष्ट होती.

१८९९ ला ग्लेन वॉर्नर हा प्रशिक्षक कॉर्नेलहून आला. त्याला सगळे 'पॉप' म्हणत. त्याच वर्षी पेनला १६–५ हरवलं. चार थोरल्यांपैकी एक अखेर पडला. प्रॅटनं चार वर्षं दिली होती, लागली सहा. कोलंबियाला ४५–० धुतलं, आणि आगगाडीनं अख्खा देश ओलांडून नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्नियाला २–० हरवलं. याच हंगामात आयझॅक सेनेका हा देशातल्या सर्वोत्तम अकरांत निवडला गेला. मूळनिवासी खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

१९०३ मधला हार्वर्डचा सामना आणि पाठीत लपवलेला चेंडू, ही गोष्ट कुणी विचारली तर प्रतिसादात सांगतो. लेख लांबलाय.

केतकी

सुंदर लिहिलंय. विचारतेच : पाठीत लपवलेला चेंडू?

आणि एक शंका. कार्लाइल ही शाळा ना? मग कॉलेजांशी कशी खेळायची?

पंचगंगाकाठ

केतकीताई, शंका बरोबर आहे. कार्लाइल कॉलेज नव्हतंच. अभ्यास साधारण आपल्या माध्यमिक शाळेपर्यंतचा. पण मुलं वेगवेगळ्या वयांची येत, बरीच विशी ओलांडलेली असत, आणि त्यांचा संघ कायम कॉलेजांशीच खेळला. काहीजण वर्षानुवर्षं खेळत राहिले, यावर तेव्हाही तक्रारी झाल्या. त्या तक्रारींत तथ्य होतं. पण थोरल्या विद्यापीठांतही तेव्हा पात्रतेचे नियम कुणी फार पाळत नव्हतं.

आता चेंडू. ३१ ऑक्टोबर १९०३, हार्वर्डचं मैदान. उत्तरार्धाच्या सुरुवातीला हार्वर्डनं चेंडू लांब मारला. कार्लाइलच्या जिमी जॉन्सननं तो आपल्या रेषेजवळ झेलला. सगळे खेळाडू त्याच्याभोवती गोळा झाले, आणि त्या घोळक्यात चेंडू चार्ल्स डिलनच्या जर्सीत पाठीमागून सरकवला गेला. जर्सीच्या आत कमरेशी आधीच इलॅस्टिक शिवून घेतलेलं. मग घोळका फुटला आणि जो तो पोटाशी काहीतरी धरल्यासारखा वेगवेगळ्या दिशेला पळाला. डिलन मात्र दोन्ही हात मोकळे हलवत सरळ पळाला. ज्याचे हात रिकामे त्याला कोण धरणार? शेवटचा बचावपटूसुद्धा त्याच्या वाटेतून बाजूला झाला. अख्खं मैदान पार करून तो रेषेपलीकडं गेला, जॉन्सननं त्याच्या पाठीतून चेंडू काढला आणि जमिनीला टेकवला.

वॉर्नरनं पंचाला हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून टचडाउन मिळाला. कार्लाइल ११–० असं पुढं गेलं. नंतर हार्वर्डनं १२–११ असा सामना काढला. आपण तो डाव पूर्ण सरळ मानत नव्हतो, असं वॉर्नर पुढं म्हणाला. मला मात्र त्यात बेइमानी दिसत नाही. नियमात कुठंही मनाई नव्हती.

वामन_ठाणे

सामन्यांचे आकडे गोंधळात टाकतात. ०–४? आताच्या खेळात टचडाउनला सहा गुण असतात ना?

पंचगंगाकाठ

हो, आता सहा. १८९६ मध्ये टचडाउनला चार आणि त्यानंतरच्या किकला दोन होते, म्हणून येलचे बारा म्हणजे दोन टचडाउन, दोन्ही किका बसलेल्या. हार्वर्डचे चार म्हणजे एक टचडाउन, किक हुकलेली. १८९८ पासून टचडाउनला पाच आणि किकला एक झाले. सहा गुण १९१२ पासून.

खेळही वेगळा होता. चेंडू पुढं फेकायला परवानगीच नव्हती. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. म्हणजे दांडग्यांनी एकमेकांच्या अंगावर कोसळायचं, बास. माणसं मरायची यात. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्टनं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. १९०६ ला पुढं फेकणं कायदेशीर झालं.

याचा सगळ्यात जास्त फायदा कुणी उचलला? कार्लाइलनं. अंगानं हलकी, पायानं चपळ पोरं. १९०७ मध्ये फिलाडेल्फियात पेनला २६–६ हरवलं, तेव्हा पीट हाउझर चेंडूला फिरकी देऊन लांबच लांब फेकत होता. तोवर फेकणं म्हणजे अडचणीत सापडल्यावरचा उपाय समजत. त्याच वर्षी हार्वर्डवर पहिला विजय, २३–१५. शिकागोला १८–४ हरवलं, त्यात अल्बर्ट एक्झेंडाइन मैदानाबाहेर पळत जाऊन पलीकडून पुन्हा आत आला आणि मोकळा उभा राहून झेल घेतला. हा डाव चालतो का, यावर पुढं नियम करावा लागला. आज जगभर लोक रात्र जागून जो फेकाफेकीचा खेळ बघतात, त्याची पहिली ओळख या पोरांनी करून दिली.

गुरुजी_तलासरी

मी पालघर जिल्ह्यात आश्रमशाळेवर शिक्षक आहे, एकोणीस वर्षं झाली. धागा दोनदा वाचला. चांगला आहे, पण वाचताना अस्वस्थ झालो, तेही लिहितो.

तुम्ही सामन्यांत रमलात. माझं मन फळ्यावरच्या नावापाशीच अडकलं. माझ्या वर्गात वारली घरातली मुलं येतात. पहिल्या आठवड्यात ती रात्री रडतात, आणि रडतात ती त्यांच्या बोलीत. मी नोकरीला लागलो तेव्हा एका वरिष्ठांनी मला सांगितलं होतं, "वर्गात प्रमाण मराठीच, बोली तोडून टाका." काही वर्षं मी तसं वागलोही. त्याचं मला आज वाईट वाटतं.

मला कार्लाइलच्या विजयाची भीती वाटते. संघ जिंकला की लोक टाळ्या वाजवतात, आणि टाळ्यांच्या आवाजात शाळा चांगली ठरून जाते. त्या शाळेत किती मुलं मेली, ते लेखात आलेलं नाही.

पंचगंगाकाठ

गुरुजी, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते लेखात यायला हवं होतं. छावणीच्या मागच्या बाजूला, रस्त्याला लागून, दफनभूमी आहे. पांढऱ्या दगडांच्या ओळी. १८० हून जास्त कबरी, बहुतेक क्षयानं आणि साथीच्या रोगांनी गेलेली मुलं. काही दगडांवर नाव चुकीचं आहे, काहींवर 'अज्ञात' एवढंच. २०१७ पासून लष्कर, घरच्यांनी मागितलं तर, अवशेष जमातींकडं परत पाठवतंय. डिसेंबर २०२४ मध्ये शाळेची जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

प्रॅटला संघ हवा होता तो शाळेची जाहिरात म्हणूनच, यात शंका नाही. बघा, आम्ही यांना कसं सुधारलं, हे दाखवायला मैदानापेक्षा चांगली जागा कुठली? वर्तमानपत्रंही तशीच. कार्लाइल जिंकलं की कवटीची कातडी सोलल्याच्या उपमा, हरलं की गोऱ्यांनी पुन्हा एकदा सीमा राखली. १८९६ म्हणजे वुंडेड नीच्या कत्तलीला, जिथं अमेरिकन सैन्यानं लाकोटा जमातीची माणसं मारली, जेमतेम सहा वर्षं झालेली.

तरीही मी एवढंच म्हणेन : प्रॅटला जे दाखवायचं होतं ते आणि पोरांना जे हवं होतं ते वेगळं होतं. पोरं त्याच्याकडं जाहिरात मागायला गेली नव्हती.

सोलापूरकर

इथं लिहावं की नाही असा विचार करत होतो. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढं त्यांना तारेच्या कुंपणात वसवलं. दिवसातून ठरल्या वेळी हजेरी. बाहेर जायला पास. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. आमच्याकडं तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

आजोबा हुतूतू खेळायचे. कुंपणातल्या शाळेतली आठवण म्हणून त्यांनी एकच गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितली. गावातल्या संघाशी खेळायला त्यांना पास मिळाला होता. जिंकले की हरले ते कधी सांगितलं नाही. कुंपणाच्या फाटकातून आठ-दहा जण रांगेनं बाहेर पडले आणि रस्त्यावर आल्यावर कुणीतरी पळायला लागलं, मग सगळेच पळाले, उगीच, मैदान येईपर्यंत. हे सांगताना ते हसायचे.

गुरुजी, तुमची भीती मला कळते. पण आजोबांच्या त्या पळण्यावर सेटलमेंटचा काही हक्क नाही.

केतकी

🙏

मैदानवेडा

१९११ हे साल बघा. जुलैत कलकत्त्यात मोहन बागाननं, बहुतेक अनवाणी खेळून, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्याच उन्हाळ्यात आपले पळवणकर बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर होते आणि त्यांनी शंभरावर बळी घेतले. नोव्हेंबरात कार्लाइलनं हार्वर्डला हरवलं, १८–१५. थॉर्पनं चार फील्ड गोल (खेळता खेळता चेंडू किकनं खांबांमधून घालवणं) मारले, तेही पायाला पट्ट्या बांधून.

बाळूंचं तर पुण्यापासूनचं सगळं ठाऊकच आहे. युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टी सांभाळायला होते, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. हिंदू संघात घेतलं तरी मैदानात सगळ्यांबरोबर, आणि चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात निम्म्याहून थोडे कमी बळी त्यांचे. ज्यांचा खेळ, त्यांनाच त्यात हरवायचं, ही भूक एकाच वेळी किती ठिकाणी पेटली होती!

राजाभाऊ_मु

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. शाळा नसती तर थॉर्प कुणाला माहीत झाला असता? तो आणि लुई टेवानिमा दोघं कार्लाइलचेच. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये थॉर्पला पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदकं, टेवानिमाला दहा हजार मीटरचं रौप्य. एक्झेंडाइन आणि गस वेल्च पुढं कायदा शिकले, प्रशिक्षक झाले. शिस्त आणि संधी यांचंही काही देणं मानायला हवं.

गुरुजी_तलासरी

राजाभाऊ, टेवानिमा होपी जमातीचा. तो कार्लाइलला आला कसा, तेही बघा. होपींच्या काही घरांनी मुलांना सरकारी शाळेत धाडायला नकार दिला, म्हणून सैनिक गावात शिरले आणि माणसं पकडून नेली. त्या पकडलेल्यांत तो होता. कैदी म्हणून आला, पळायला लागला, पदक मिळवलं. परत जाऊन त्यानं आयुष्यभर मेंढरं राखली, शेती केली आणि आपल्या गावचे धार्मिक विधी सांभाळले. संधी हा शब्द इथं कसा बसवायचा?

राजाभाऊ_मु

हे मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

पंचगंगाकाठ

राजाभाऊ, विचारलंत ते बरं केलंत. गस वेल्चचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीनं शाळेची चौकशी केली, ती विद्यार्थ्यांच्याच तक्रारीमुळं. वेल्च हा संघाचा कप्तान राहिलेला. त्यानं पॉप वॉर्नरविरुद्ध साक्ष दिली : शिव्या देतो, पोरांना वाईट वागवतो. खेळातून आलेल्या पैशाचा हिशेबही तेव्हा निघाला. वॉर्नर पिट्सबर्गला निघून गेला. चार वर्षांनी शाळाच बंद झाली, १९१८ मध्ये, आणि छावणी पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या इस्पितळाला दिली.

१८९३ मध्ये पोरं कचेरीत गेली होती खेळ मागायला. १९१४ मध्ये पुन्हा बोलली, ती न्याय मागायला. माझ्या मते पहिल्या खेपेला जे बोलायला शिकले, तेच दुसऱ्या खेपेला कामी आलं. अर्थात मधे वीस वर्षं गेली आणि पोरं वेगळी, पण शाळेत गोष्टी एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडं जातातच.

सुमेधा

छोटी विनंती. काही जुन्या पुस्तकांत आणि आपल्या बोलण्यातही 'रेड इंडियन' असा शब्द असतो. धाग्यात तो कुणी वापरला नाही, बरं वाटलं. जमातीचं नाव माहीत असेल तर तेच लिहावं असं मला वाटतं.

पंचगंगाकाठ

नक्की, सुमेधाताई. सुरुवातीच्या हंगामातली जी मला खात्रीनं ठाऊक आहेत ती लिहितो. १८९६ चा कप्तान बेमस पिअर्स सेनेका, त्याचा भाऊ हॉली पिअर्सही सेनेका. जेक जेमिसन सेनेका. मार्टिन व्हीलॉक आणि जोनास मेटॉक्सन ओनायडा. चेंडू जमिनीवर टाकून उसळताना अचूक किक मारणारा फ्रँक हडसन न्यू मेक्सिकोतल्या लगूना पुएब्लोचा. थॉर्प सॅक अँड फॉक्स. एका संघात इतक्या भाषा, की आपसात बोलायला इंग्रजीच लागे. प्रॅटला तेच हवं होतं. मैदानावर मात्र त्या भाषेत ते एकमेकांना डाव सांगायचे.

मैदानवेडा

येल आणि प्रिन्स्टनला कधी हरवलं का?

पंचगंगाकाठ

नाही. ते दोन राहूनच गेले. १९१२ मध्ये वेस्ट पॉइंटला लष्करी अकादमीचा संघ मात्र २७–६ असा हरवला. समोर पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर खेळत होता. येल राहिलं ते राहिलंच.

गुरुजी_तलासरी

काल संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासाला मी सहावी-सातवीच्या मुलांना १८९६ ची गोष्ट सांगितली. कबरींचंही सांगितलं, फळ्यावरच्या नावाचंही. चेंडू लांबुळका असतो हे कुणी मानेना, शेवटी मी पपईचं चित्र काढलं.

जेमिसनच्या टचडाउनपाशी आल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. मग एकानं विचारलं, "गुरुजी, मग नंतर तरी दिला का तो?" मी म्हटलं, नाही, पुस्तकात अजून बारा-सहाच आहे. त्यावर बराच कालवा झाला. ही सगळी बोलाचाली त्यांच्या बोलीत चालली होती, आणि मी थांबवली नाही.

शेवटी सातवीतली एक मुलगी उठली, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं : येल १२, कार्लाइल १०. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "किकचे दोन राहिले." तिनं दहा पुसून बारा केले. दुसरा म्हणाला, किक बसली असती हे कशावरून? तिनं परत दहा केले. मग दोघांत वाद लागला, तो जेवणाची घंटा झाली तरी संपला नाही. आज सकाळी वर्ग उघडला तर दहा होते.